खोकं रिकामं द्यायचं नसतं

परीक्षितने शुक्रवारी संध्याकाळी हॉस्पिटलमधून औषधांच्या रिकाम्या खोक्यांनी भरलेली एक मोठी पिशवी घरी आणली आणि दाराजवळच्या कोटांच्या कपाटात खाली ठेवून दिली. तिथेच चुकलं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या त्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये कपाटातली प्रत्येक वस्तू गेल्या दोन महिन्यांपासून त्याच्या आईच्या, म्हणजे लतिकाबाईंच्या ताब्यात होती, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. पण माणूस दमला की माहीत असलेलंच आधी विसरतो.

खोकी रिकामी असली तरी साधी नव्हती. परीक्षित मूळचा गाड्यांच्या कंपनीतला प्रोग्रॅमर. तिथला प्रोजेक्ट कॅन्सल झाला, आणि मग बऱ्याच खटपटीनंतर त्याला एका हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. ते जानेवारीअखेर संपत होतं. वाढलं तर ठीक, नाहीतर व्हिसाचं त्रांगडं आणि बाडबिस्तरा बांधून मिरजेला. वाढवायचं की नाही हे बिलिंगची मॅनेजर डोना ठरवणार होती. सोमवारी ठरवणार होती, आणि कशावरून ठरवणार तेही तिने स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

प्रकरण असं होतं. ॲडमिट न होता नुसतं येऊन इंजेक्शन घेऊन जाणाऱ्या पेशंटांचे क्लेम सरकारी विम्याकडे जायचे. नव्या वर्षापासून सरकारचा हुकूम निघाला, की नुसतं औषधाचं नाव चालणार नाही. कुठल्या कंपनीचं, किती ताकदीचं, कसल्या पॅकिंगमधलं, हे सगळं सांगणारा औषधाचा कोड प्रत्येक क्लेमवर पाहिजे. कोड नाही तर क्लेम परत. आता हा कोड खोक्यावर छापलेला असतो, तीन तुकड्यांत, मध्ये आडव्या रेघा. खोक्यावर आकडे दहा, आणि सरकारला हवेत अकरा. म्हणजे एक शून्य आपण पदरचं घालायचं. कुठे, तर पाच-चार-दोन या ठरलेल्या मापाला जो तुकडा तोकडा पडेल त्याच्या पुढ्यात. बारकोडात त्या रेघा नसतात, म्हणून स्कॅन करून भागत नाही; खोकं डोळ्यांनी बघावंच लागतं. हे ज्याने ठरवलं त्याला रात्री झोप कशी लागते, असं परीक्षित जेवताना रोज विचारायचा.

हॉस्पिटल एकच औषध आज या कंपनीकडून घेई, उद्या त्या. इंजेक्शन देऊन झालं की नर्स खोकं कचऱ्यात टाकी. म्हणून फार्मसीतल्या अर्ल नावाच्या शांत म्हाताऱ्याने दोन आठवडे खपून, कचऱ्यात जाण्याआधी एकेक खोकं बाजूला काढून ठेवलं होतं. "सांभाळ," पिशवी देताना अर्ल म्हणाला होता. "यातली बरीच पुन्हा कधी येतील, देव जाणे." परीक्षितने शनिवार-रविवार बसून सगळे कोड सिस्टीममध्ये घालायचे आणि सोमवारी डोनासमोर क्लेम पाठवून दाखवायचे, असं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी घरात हळदीकुंकू होतं. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, पण रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे अमेरिकेत सगळ्या बायकांची संक्रांत वीकेंडलाच येते. पुरुषांना अर्थातच घरात थारा नव्हता. परीक्षित लायब्ररीत जाऊन बसला. अंधार पडता पडता परतला तेव्हा बायका गेल्या होत्या, घरभर तिळगुळाचा वास होता आणि आई प्रसन्न होती. त्याने कोट काढला, कपाट उघडलं. पिशवी नव्हती.

"सावनी, इथली पिशवी कुठे गेली?"

"किचनच्या ड्रॉवरमध्ये बघ," सावनी, त्याची बायको, म्हणाली. "आईंनी घडी करून ठेवलीय."

"घडी? आणि आत होतं ते?"

"खोकी होय?" लतिकाबाई बाहेर आल्या. "अरे, काय सुरेख खोकी होती. एकेकात दोन लाडू आणि वर चिमूटभर हलवा, अगदी बेतून केल्यासारखे बसले. मी सोनेरी कागद लावला वरून. खळ केली मैद्याची, तुमचा तो चिकटपट्टीवाला प्रकार मला नाही जमत. सगळ्या विचारत होत्या, कुठून आणलंत म्हणून."

परीक्षित खुर्चीवर बसला. "आई, तू ती खोकी वाटलीस?"

"वाण म्हणून दिली. औषधाची होती हे दिसत होतं मला, पण आत काही नव्हतं, कोरी करकरीत. आणि तूच रोज म्हणतोस ना, दिवसभर कचऱ्यातली खोकी गोळा करतो. मला वाटलं, टाकायलाच आणलीयेस."

"मीपण तेच म्हटलं," सावनी हळूच म्हणाली. "रिसायकलिंग असेल म्हणून."

यावर परीक्षित आवाज चढवून बरंच बोलला. त्यात कॉन्ट्रॅक्ट होतं, डोना होती, अर्ल होता, व्हिसा होता, आणि मिरजेला परत गेल्यावर तिथे आपण काय करणार आहोत हा प्रश्न होता. लतिकाबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. पण पोराच्या पोटावर पाय येतोय एवढं कळलं, आणि त्या एकदम लहान होऊन सोफ्याच्या कडेला बसल्या. ते बघून परीक्षितला स्वतःचीच लाज वाटली. पण खोकी काही लाजेने परत येत नाहीत.

पहिला उपाय सोपा होता. फोन करायचा, कागद सोलायला सांगायचा आणि आकडे लिहून घ्यायचे. पहिला फोन ट्रॉयला राहणाऱ्या कादंबरी नावाच्या मैत्रिणीला लागला. तिने उत्साहाने कागद ओढला, तर खळ इतकी घट्ट की छापील पापुद्राही बरोबर निघाला. "एक नंबर दिसतोय, सांगू का?" तिने दहा आकडे वाचून दाखवले. परीक्षितने लिहून घेतले. रेघा विचारल्या. रेघाही बरोबर आल्या. त्याला हायसं वाटलं. मग कादंबरी म्हणाली, "आणि पुढे लिहिलंय, तक्रार असल्यास सोमवार ते शुक्रवार फोन करा." दुसरीने बारकोड वाचला. तिसरीने औषध कधी संपतं ती तारीख. एक शून्य इकडचं तिकडे झालं की क्लेम परत, आणि इथे तर अख्खे नंबरच भलते. खोकी हातात आल्याशिवाय सुटका नव्हती.

"मग परत मागून आण," सावनी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

"दिलेलं वाण परत मागायचं?" लतिकाबाई म्हणाल्या. "तेही सवाष्णींकडून? उद्या मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"आई, डोनाने नाही म्हटलं तर मंडळच राहणार नाही आपल्याला."

लतिकाबाईंनी पदर सावरला. मग फोन पुढे ओढला. "शोभनाताई ना? मी परीक्षितची आई. अहो, काल सांगायचं राहिलंच बघा, म्हणजे आज दुपारी. आमच्याकडे मिरजेला एक पद्धत आहे. वाणाचं खोकं दुसऱ्या दिवशी घरी माघारी यावं लागतं. हो, नुसतं खोकं. सौभाग्याला चांगलं असतं. परीक्षित येईल उद्या न्यायला."

मिरजेला असली कुठलीही पद्धत नाही. हे परीक्षितलाही ठाऊक होतं आणि सावनीलाही. पण लतिकाबाईंनी तासाभरात ती पद्धत फार्मिंग्टन, कँटन, ट्रॉय आणि ॲन आर्बर एवढ्या टापूत रुजवली, आणि कोणीही शंका काढली नाही. उलट दोघीतिघींनी तर आमच्याकडेही असंच असतं म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी परीक्षितने गाडीवरचा बर्फ खरवडला आणि तो निघाला. पहिलं घर कँटनच्या शोभनामावशींचं. त्यांनी दार उघडलं, खोकं हातात तयार होतं. परीक्षितने हात पुढे केला. शोभनामावशींनी खोकं मागे घेतलं.

"अरे, रिकामं कसं देऊ? आत ये."

"मावशी, रिकामंच पाहिजे. खरंच."

"वेडा आहेस का? रिकामं भांडं परत पाठवतात का कधी? त्यातून सौभाग्याचं म्हणतात तुझी आई. चिवडा परततेय, पाच मिनिटं बस. चहा घेशील ना?"

तो बसला. चिवडा झाला, निवला, कारण गरम भरला तर मऊ पडतो. मग खोक्यात भरला, आणि खोक्यात मावेना म्हणून उरलेला एका पिशवीत वेगळा दिला. चहाबरोबर थोडा खायलाही दिला. परीक्षितने घड्याळ बघितलं आणि मनातल्या मनात राहिलेली घरं मोजायचा प्रयत्न सोडून दिला.

प्रत्येक घरात हेच. कोणी शंकरपाळे तळायला घेतले होते, कोणी नारळ खवत होती. मिरजेची पद्धत नवी असली तरी रिकामं न देण्याची पद्धत अस्सल होती. ती प्रत्येकीच्या आईने प्रत्येकीला शिकवली होती, आणि आता ती मोडायला एकही बाई तयार नव्हती. ज्यांच्या घरी काही नव्हतं त्यांनी चिमूटभर साखर तरी घातली. त्याच शहाण्या. परीक्षितला त्यांच्याबद्दल अतिशय आदर वाटला. बाकीच्यांनी त्याला चहा पाजला, आणि चौथ्या चहानंतर त्याने दूध मागितलं.

फार्मिंग्टनच्या सुवर्णाकडे वेगळीच पंचाईत झाली. तिच्या पाच वर्षांच्या मुलीने खोक्याचं गॅरेज करून त्यात दोन छोट्या गाड्या लावल्या होत्या.

"बेटा, अंकलना ते बॉक्स दे," सुवर्णा म्हणाली.

"नो. इट्स माय गॅरेज."

"मी फक्त तळ बघतो," परीक्षित गुडघ्यांवर बसत म्हणाला.

"देअर आर कार्स पार्क्ड."

शेवटी दोन्ही गाड्या रीतसर बाहेर काढायच्या, गॅरेज उलटं करून बघायचं आणि पुन्हा त्याच जागी लावायच्या, या अटीवर परवानगी मिळाली. गॅरेजला सोनेरी कागद नको म्हणून मुलीने तो आधीच ओला करून काढला होता, त्यामुळे कोड लख्ख दिसत होता. दिवसभरात विनासायास मिळालेला तेवढा एकच.

संध्याकाळी घरी किचनमध्ये कारखाना लागला. लतिकाबाई किटलीच्या वाफेवर एकेक खोकं धरून कागद अलगद सोडवत. आतला चिवडा, शंकरपाळे, साखर वेगळ्या डब्यांत जाई. परीक्षित आकडे वाची, तोकडा तुकडा शोधून शून्य सांगे, आणि सावनी लॅपटॉपवर टाइप करी. कादंबरीच्या फाटक्या खोक्यावरचा कोड आतल्या झाकणावरही छापलेला निघाला. लतिकाबाईंची बोटं भाजत होती. परीक्षितने त्यांच्या हातातून खोकं घेतलं.

"आई, मी काल जास्त बोललो. राग नको मानूस."

"राग कसला? मला एवढंच कळेना, की जे एवढं मोलाचं, ते हे लोक कचऱ्यात का टाकतात?"

परीक्षितने पुढचं खोकं वाफेवर धरलं. याचं उत्तर सरकारकडेही नसावं.

सगळी खोकी झाली, औषधांच्या यादीशी ताडून पाहिली आणि एक कमी भरलं. नेमकं मळमळ थांबवणाऱ्या इंजेक्शनचं, जे केमोला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेशंटला देतात. ते नसलं तर डोनाचे निम्मे क्लेम परत.

"ते अस्मिताला दिलं मी, आणि काल नेमका तिलाच फोन करायचा राहिला," लतिकाबाई लगेच म्हणाल्या. "सगळ्यात देखणं होतं. नर्स आहे ना ती, फार दमते बिचारी."

अस्मिता परीक्षितच्याच हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिचा फोन बंद. घरी तिचा नवरा अंकुर होता. "ती आज ड्यूटीवर आहे यार. लाडू बॉक्ससकट घेऊन गेली. म्हणाली, कलीग्जना देते." सावनीने अस्मिताच्या फोनवर पद्धतीचा निरोप ठेवला आणि तिघं जेवायला बसले. जेवण म्हणजे चिवडा.

सोमवारी सकाळी परीक्षित हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोचला आणि फोन वाजला. अस्मिता होती.

"सॉरी, काल फोन लॉकरमध्ये होता. निरोप ब्रेकमध्ये ऐकला, पण तोवर बॉक्स दिला होता मी."

"कोणाला?"

"डोनाला. तुझीच ना ती मॅनेजर? कालसुद्धा येऊन बसली होती, आजच्या टेन्शनमध्ये. कॉफीला भेटली, तर म्हटलं घे, गोड बोल. पण तू काळजी करू नकोस. मी नंतर मुद्दाम जाऊन सांगून आलेय तिला, की बॉक्स परीक्षितच्या घरी परत जायला पाहिजे, आणि आमच्यात तो रिकामा देत नाहीत. मिरजेची पद्धत म्हटलं. तिला फार आवडलं."

परीक्षितने तिचे आभार मानले. दुसरं काय करणार? मग खोक्यांची पिशवी उचलून तो लिफ्टकडे निघाला.

डोनाच्या टेबलावर ते खोकं होतं. सोनेरी कागद अर्धा फाटलेला, लाडू गायब. पलीकडे अर्ल कॉफी घेऊन बसला होता.

"बस," डोना म्हणाली. "लाडू छान होता. दाताला जरा जड, पण छान." तिने खोकं त्याच्यासमोर सरकवलं. "हे आपल्या फार्मसीचं आहे."

"हो."

"आणि बाकीची?"

खोटं बोलायचं परीक्षितच्या मनात येऊन गेलं, पण इतका चिवडा पोटात असताना माणसाला धड खोटंही सुचत नाही. त्याने सगळं सांगितलं. कपाट, खळ, सवाष्णी, मिरज, गॅरेज. सवाष्णी म्हणजे काय ते समजावून सांगायला थोडा वेळ गेला. अर्लने त्याच्या हातातली पिशवी घेतली, उघडली आणि आत नाक घातलं.

"माझ्या फार्मसीला असा वास कधीच आला नाही," तो म्हणाला, आणि एका खोक्याच्या तळाशी राहिलेले दोन शेंगदाणे खाऊन त्याने मान हलवली.

डोना हसली नाही. "ही सगळी तू दारोदार जाऊन आणलीस?"

"हो. हे एक आणि ते गॅरेज सोडून."

"एका दिवसात?"

"चहा झाला नसता तर आणखी लवकर झालं असतं."

"आधी क्लेम पाठव," डोना म्हणाली. "मग बघू."

त्याने शेवटचं खोकं उलटं केलं. मधला तुकडा तोकडा होता. त्याच्या पुढ्यात शून्य घातलं, दोनदा तपासलं, आणि डोना पाठीशी उभी असताना क्लेमची पहिली खेप पाठवली. उत्तर यायला जेवणाची सुट्टी उलटली. एकही क्लेम परत आला नाही. अर्लने त्याची पाठ थोपटली आणि तो खाली गेला. डोना मात्र नुसतं "गुड" म्हणाली आणि दार लोटून घेतलं. कॉन्ट्रॅक्टबद्दल चकार शब्द काढला नाही. परीक्षित आपल्या टेबलाशी येऊन बसला आणि आता सामान कोणत्या क्रमाने विकायचं याचा विचार करू लागला. सोफा आधी, कारण तो कोणी घेणार नाही.

घरी जायच्या वेळेला डोना कोट घालून त्याच्या टेबलापाशी आली. तिच्या हातात तेच खोकं होतं. फाटलेला सोनेरी कागद तिने चिकटपट्टीने नीट लावला होता.

"हे परत द्यायचं असतं ना," ती म्हणाली. खोकं ठेवून ती निघून गेली.

परीक्षितने ते उचललं. हलकं होतं. हलवून पाहिलं, आत काही वाजलं नाही. चला, हिला नाहीच समजलं, असं म्हणत त्याने झाकण उघडलं, तर आत चार घड्या घातलेला एक कागद होता. कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढवल्याचा. खाली डोनाची सही.

त्याने तो कागद दोनदा वाचला. मग घरी फोन लावला.

"आई, खोकं मिळालं. डोनाने परत दिलं."

"दिलं ना? बरं झालं. काय घालून दिलं तिने?"

"कागद आहे आत. आई, अगं, कॉन्ट्रॅक्टचा…"

"नुसता कागद?" लतिकाबाई म्हणाल्या. "चिमूटभर साखर नव्हती होय रे तिच्याकडे?"